पेशीपुरता वकील

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात एका जुन्या निवाड्याची नक्कल मिळते का, ते पाहायला मी गेलो होतो. मी वकील नाही, प्राध्यापकही नाही. जुने कागद वाचण्याचा नाद तेवढा आहे. माझ्या हातातली फाइल पाहून व्हरांड्यातल्या बाकावर बसलेल्या एका बाईने विचारले, "भाऊ, सरकारनं देल्ला वकील तुम्हीच का जी?" तिचा मुलगा तुरुंगात होता. तिच्याजवळच्या चिठ्ठीवर एका वकिलाचे नाव लिहिलेले होते. बाररूममध्ये चौकशी केली तेव्हा कळले, की त्यांनी सरकारी यादीतून नाव काढून घेतल्याला काही महिने झाले आहेत. त्यांच्या जागी कोण आले, ते पुकारा झाल्यावरच कळेल. मी परत येऊन तिला तसे सांगितले. ती म्हणाली, "म्हंजे पुन्हा पयल्यापासून सांगा लागन."

ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. गरिबाला वकील मिळतो की नाही, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मिळालेला वकील किती दिवस त्याचा असतो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. आपल्या जिल्ह्याच्या निमित्ताने त्या प्रश्नाचा माग काढण्याचा हा प्रयत्न आहे.

सनद आणि वकीलपत्र

'वकील' हा शब्द अरबीतून आला. पेशवाईत त्याचा अर्थ कोर्टात भांडणारा माणूस असा नव्हता. दुसऱ्याच्या दरबारात आपल्या धन्याच्या वतीने बोलणारा प्रतिनिधी म्हणजे वकील. धन्याने नेमावे, काम सोपवावे आणि वाटेल तेव्हा परत बोलवावे. कोर्टातल्या वकीलपत्रात या नात्याची खूण आजही शिल्लक आहे. वकीलपत्र अमुक प्रकरणापुरते असते आणि पक्षकार ते काढूनही घेऊ शकतो. वकिली मुळातच तात्पुरती. फरक एवढाच, की पैसेवाला आपला वकील आपण ठरवतो आणि आपण बदलतो; गरिबाचा वकील दुसरा कोणी ठरवतो आणि दुसरा कोणी बदलतो.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले, पण नावाची मालकी निजामाचीच राहिली. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानातले कायदे वऱ्हाडात आपोआप येत नसत. ते वेगळ्या हुकुमाने लागू करावे लागत. १८६४ मध्ये आग्नेय वऱ्हाड म्हणून निघालेला जिल्हा पुढे वणी जिल्हा म्हणून ओळखला गेला आणि १९०५ मध्ये यवतमाळ झाला. दरम्यान, १९०३ मध्ये वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला होता. नागपूरला हायकोर्ट आले ते १९३६ मध्ये. तोपर्यंत वरचे न्यायालय म्हणजे ज्युडिशियल कमिशनर.

या काळात कोर्टात बोलणाऱ्यांच्याही पायऱ्या होत्या. १८७९ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स ॲक्टमध्ये प्लीडर, मुखत्यार आणि महसुली एजंट अशी प्रतवारी दिसते. कोणाला कोणत्या कोर्टात उभे राहता येईल, ते सनदेवर ठरे. हे सारे भेद मोडून 'अधिवक्ता' असा एकच वर्ग झाला तो १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने. स्त्रियांना वकिलीचे दार कायद्याने उघडले ते १९२३ साली. म्हणजे कोर्टात कोण बोलू शकतो याचे नियम सरकारने बारकाईने केले. ज्याच्या खिशात काही नाही त्याच्यासाठी कोण बोलणार, याचा नियम मात्र बराच काळ नव्हता.

गवत कापणारे दोन जण

यवतमाळच्या वकिलीची गोष्ट लोकनायक बापूजी अणे यांच्याशिवाय पुरी होत नाही. वणीला १८८० मध्ये जन्मलेले माधव श्रीहरी अणे अमरावतीला काही वर्षे शिक्षक होते. मग ते यवतमाळला वकिली करू लागले आणि टिळकांच्या राजकारणात ओढले गेले. १९२० च्या नागपूर काँग्रेसमध्ये वकिलांनी कोर्टे सोडावीत असा ठराव झाला, तेव्हा कोर्टाशी असलेले नाते हा साऱ्या वकीलवर्गाच्या सचोटीचा प्रश्न बनला. पुढे जुलै १९३० मध्ये पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून बापूजींनी जंगल सत्याग्रह केला आणि ते तुरुंगात गेले.

सत्याग्रही बचाव करीत नसे. गुन्हा कबूल करून शिक्षा घेणे हाच त्याचा बचाव होता. वकिलाची गरज नसणे ही त्याची ताकद होती.

पण त्याच जंगलांच्या कडेला कोलाम, गोंड, आंध यांची गावे होती. बैलाच्या पोटासाठी किंवा घरावर घालण्यासाठी गवत आणि लाकूड नेणाऱ्या माणसालाही तोच जंगल कायदा लागू होता. त्याच्या खटल्याला व्रताचे तेज नव्हते, आणि वकील मागण्याचा हक्कही नव्हता. एकाने वकील नाकारला, दुसऱ्याला तो मिळालाच नाही. रोजनाम्यात दोघांच्या नावापुढे एकच शेरा पडला असेल : आरोपीतर्फे वकील नाही. इतिहासात पहिल्याचे नाव राहिले, आणि ते योग्यच झाले. या लेखाचा विषय मात्र दुसरा माणूस आहे.

फी माफ, वकील नाही

दिवाणी बाजूची तऱ्हा अशीच होती. १८६० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाला भाव आला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत पैसा खेळू लागला. पैशामागून सावकार आला, सावकारामागून दस्त, आणि दस्तामागून दावा. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत 'पॉपर' म्हणजे निष्कांचन माणसाच्या दाव्यासाठी तेहतिसावा आदेश होता. आपण निर्धन आहोत हे कोर्टाला पटवून दिले, की कोर्टफी माफ होई. पण दावा लिहायचा कोणी, साक्षीदार तपासायचे कोणी, याबद्दल संहिता गप्प होती. कोर्टाने अशा पक्षकाराला वकील नेमून देण्याची तरतूद त्यात आली ती १९७६ च्या दुरुस्तीने. मधली अडुसष्ट वर्षे कोर्टाचे दार फुकट उघडे होते. आत गेल्यावर बोलायचे कसे, ते ज्याचे त्याने पाहायचे होते.

फौजदारी बाजूला १८९८ च्या संहितेने आरोपीला वकिलामार्फत बचाव करण्याची मुभा दिली होती. मुभा म्हणजे पुरवठा नव्हे. राज्यघटनेच्या २२ व्या कलमाने आपल्या पसंतीच्या वकिलाचा हक्क दिल्यानंतरही, १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तारा सिंग खटल्यात जुन्या संहितेचा अर्थ असाच लावला : वकील करण्याची संधी मिळाली पाहिजे, पण तो सरकारने पुरवलाच पाहिजे असे नाही.

मुंबई राज्याने १९४९ मध्ये न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली विधी सहाय्य समिती नेमली होती. यवतमाळ तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात होते. मुंबई राज्यात आले १९५६ मध्ये. पण मुंबईतही त्या अहवालातून फारसे काही हाती लागले नाही. सत्र खटल्यातल्या निर्धन आरोपीला सरकारी खर्चाने वकील देण्याची सर्वसाधारण तरतूद झाली १९७३ च्या नव्या संहितेत, कलम ३०४ खाली. घटनेत ३९-अ हे कलम आले ४२ व्या दुरुस्तीने. मग न्यायालयांचा सूर बदलला. १९७८ च्या हॉस्कॉट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाने अपिलासाठीही कैद्याला मोफत वकील मिळाला पाहिजे असे सांगितले. १९७९ च्या हुसेनआरा खातून प्रकरणाने बिहारमधल्या कच्च्या कैद्यांची दशा देशापुढे मांडली. १९८६ च्या सुक दास निकालाने एक मोठी गोष्ट केली : आरोपीने मागितला नाही म्हणून वकील दिला नाही, ही सबब चालणार नाही असे बजावले. हक्क आहे हेच ज्याला माहीत नाही, तो मागणार कसा? झरी-जामणीच्या एखाद्या पोडावरचा, घरात कोलामी बोलणारा माणूस डोळ्यापुढे आणला, की त्या निकालाची किंमत कळते.

पॅनलचा वकील

१९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ रोजी अमलात आला. जिल्हा आणि तालुका पातळीवर समित्या झाल्या, वकिलांच्या याद्या झाल्या. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, कोठडीतले लोक यांना मिळकत न पाहता वकील मिळू लागला. हा बदल लहान नव्हता.

पण पॅनलवरच्या वकिलाचे पोट खाजगी कामावर असते. सरकारी प्रकरणाचे मानधन ठरावीक, आणि खाजगी फीच्या मानाने थोडे. एकाच दिवशी खाजगी पक्षकाराची उलटतपासणी आणि पॅनलच्या आरोपीची पेशी आली तर वकील कुठे जाईल, हे कोणालाही सांगता येईल. कोणाला दोष देण्याची गरज नाही; व्यवस्थेची मांडणीच तशी आहे. पॅनलची मुदत संपते, वकील शहर बदलतो, कोणाला सरकारी वकिली मिळते. प्रत्येक वेळी आरोपीची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

घाईने नेमलेला वकील म्हणजे काय, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये अनोखीलाल खटल्यात लिहून ठेवले आहे. मध्य प्रदेशातल्या खंडव्याच्या त्या प्रकरणात वकील ज्या दिवशी नेमला, त्याच दिवशी दोषारोप ठेवले गेले आणि सुमारे दोन आठवड्यांत फाशीच्या शिक्षेपर्यंत खटला पोचला. न्यायालयाने शिक्षा रद्द करून खटला नव्याने चालवायला लावला. जन्मठेप किंवा फाशी संभवते अशा खटल्यात नेमलेल्या वकिलाला किमान दहा वर्षांचा अनुभव असावा आणि तयारीला साधारणपणे किमान सात दिवस मिळावेत, असे घालून दिले. वकिलाच्या नावाबरोबर वकिलाचा वेळही हक्कात मोजायला हवा, हे इतक्या उशिरा लिहावे लागले.

कराराचा वकील

२०२२ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने नवी योजना आणली. महाराष्ट्रात तिला लोकअभिरक्षक कार्यालय असे सुरेख नाव मिळाले. मुख्य, उपमुख्य आणि सहायक लोकअभिरक्षक हे पूर्णवेळ वकील. काम फौजदारी बचावाचे. खाजगी वकिली बंद. मुख्य पदाला फौजदारी कामाचा दहा वर्षांचा अनुभव हवा. सरकार पक्षाला कार्यालय, कारकून, फायली सगळे असते. आरोपीच्या बाजूलाही कार्यालय असावे, ही कल्पना नवी आहे आणि चांगली आहे.

मात्र नेमणूक करारावर आहे. आधी दोन वर्षे, मग काम पाहून वर्षावर्षाने वाढ. आता हिशेब करा. आपल्याकडे खुनाचा खटला दोन वर्षांत संपतोच असे नाही. म्हणजे वकिलाचा करार आणि आरोपीचा खटला यांचे आयुष्य जुळत नाही. शिवाय ज्याचे नूतनीकरण व्हायचे आहे, त्याने पोलिसांच्या तपासावर जोरदार उलटतपासणी करताना मनात दुसरा विचार आणू नये, ही अपेक्षा माणसाकडून फार मोठी आहे.

सरकार पक्षाचे वकील तरी कुठे कायम? सहायक सरकारी अभियोक्ते नोकरीत असतात, पण जिल्हा सरकारी वकील वकिली करणाऱ्यांतूनच मुदतीसाठी नेमले जातात. १९९० मध्ये उत्तर प्रदेश सरकारने एका आदेशाने राज्यभरातल्या जिल्हा सरकारी वकिलांच्या नेमणुका संपवल्या. श्रीलेखा विद्यार्थी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. नेमणूक कराराची असली तरी सरकारला मनमानी करता येत नाही, असे त्या निकालाचे सार आहे. २००४ च्या जोहरी मल निकालाने दुसरी बाजू दाखवली : मुदत संपल्यावर ती वाढवून मिळण्याचा हक्क नाही. या दोन निकालांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत करारावरचा वकील उभा असतो.

एवढे पाहिल्यावर माझे म्हणणे साधे आहे. वकील बदलणार. कराराने, बदलीने, आजाराने, मरणाने बदलणार. मग वकिलाबरोबर माहिती जाऊ नये एवढी तरी सोय हवी. आरोपी काय सांगतो, कोणता साक्षीदार शोधायचा, जामिनाचे काय झाले, दुभाषी लागतो का, याची लेखी नोंद कार्यालयात राहावी. पक्षकाराची गुपिते सांभाळून ती नव्या वकिलाच्या हाती जावी, आणि नव्याने पहिल्या पेशीआधी आरोपीची भेट घ्यावी. चालू खटल्याच्या साक्षी संपेपर्यंत तरी त्या खटल्यापुरता वकिलाचा करार चालू ठेवता येईल. याला फार पैसा लागत नाही. आणि पूर्वी ज्याला कार्यालयच नव्हते, त्याच्यासाठी आता ते आहे; म्हणून तर हे मागता येते.

त्या दिवशी मी नक्कल विसरून पुकाऱ्यापर्यंत थांबलो. नवा वकील तरुण होता, भला वाटला. व्हरांड्यात उभ्या उभ्याच त्याने फाइल उलटली आणि म्हणाला, "मावशी, काय झालं होतं, जरा थोडक्यात सांगा." बाईने चिठ्ठी घडी करून कनवटीला खोचली आणि सांगायला सुरुवात केली. ती आठवड्याच्या बाजारापासून सांगत होती. वकील मध्येच घड्याळाकडे पाहत होता. आतून पुकारा झाला तेव्हा तिची गोष्ट अजून बाजारातून घरीही आली नव्हती.