आयत्या बिळावरचा नागोबा आणि फडाचा पाटकरी

मार्च महिन्यात नाशिकच्या कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रोजेक्ट गाईडच्या टेबलाशी तासभर बसलं, तर एक तक्रार हमखास कानावर येते. ‘सर, आमच्यातल्या एकाने वर्षभर काहीच केलेलं नाही, पण ब्लॅक बुकवर, म्हणजे प्रोजेक्टच्या अहवालावर, त्याचंही नाव लागणार.’ उत्तरही ठरलेलं असतं: तुमचं तुम्ही मिटवा, उद्या नोकरीतही अशी माणसं भेटणारच. ही तक्रार मी विद्यार्थी असताना केली आणि हे उत्तर शिक्षक झाल्यावर दिलं. ते उत्तर दिल्याची खंत मला आज अधिक आहे.

या उत्तरामागची समजूत आधी नीट मांडली पाहिजे, कारण ती मांडणारे लोक मूर्ख नाहीत. ते म्हणतात, काही मुलं स्वभावानेच आयत्या बिळावरचे नागोबा असतात. मुलांना आपापले मित्र घेऊन गट करू द्या, म्हणजे असे नागोबा आपोआप बाहेर राहतील. तरी भांडण झालंच, तर धीर धरा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्येच सांगितलं आहे की गट आधी जमतो, मग भांडतो, मग नियमांवर येतो आणि शेवटी कामाला लागतो. भांडण हा वाढीचाच टप्पा आहे.

टकमन यांच्यापासून सुरुवात करतो. त्यांनी गट जुळताना स्वतः बसून पाहिले नव्हते. पन्नासेक प्रकाशित लेखांचा तो आढावा होता, आणि त्यात मानसोपचारासाठी जमवलेल्या गटांचा भरणा मोठा होता. या मर्यादेची जाणीव खुद्द टकमन यांना होती. त्यांचं नाव घेणाऱ्यांना ती राहिली नाही. उपचारगटाला सबमिशनची तारीख नसते. तारीख असलेले आठ गट कॉनी गर्सिक यांनी तपासले, त्यांत विद्यार्थ्यांचेही गट होते. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात वेगळंच चित्र आहे. पहिल्या बैठकीत पडलेली कामाची रीत निम्मी मुदत संपेपर्यंत तशीच चालते आणि मुदतीच्या मध्यावर गट एकदम कूस बदलतो. म्हणजे गट आंब्यासारखा अढीत पिकत नाही. पहिली बैठक आणि मधला आढावा या दोन वेळा हुकल्या, तर मार्चमध्ये धरलेला धीर निरुपयोगी असतो.

आता स्वभावाकडे वळू. मॅक्स रिंगेलमन या फ्रेंच शेतकी अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला. आठ जण एकत्र ओढू लागले, तेव्हा प्रत्येकाचा वाटा एकट्याने ओढताना लावलेल्या जोराच्या जेमतेम निम्मा भरला. जोर एकाच क्षणी लागत नाही, हे त्याचं एक कारण होतं. पण १९७४ मध्ये ॲलन इंगम आणि सहकाऱ्यांनी डोळे बांधलेल्या माणसाला मागे आणखी लोक ओढताहेत असं नुसतं भासवलं, तरीही त्याचा जोर उतरला. पुढे बिब लाताने, किपलिंग विल्यम्स आणि स्टीफन हार्किन्स यांनी टाळ्या आणि ओरडण्याचा आवाज मोजला आणि तिथेही तेच आढळलं. १९८१ च्या त्यांच्या प्रयोगात मात्र प्रत्येकाचा आवाज वेगळा ओळखू येणार असं सांगताच ही घट नाहीशी झाली. माणसं त्याच प्रकारची होती, बदललं होतं ते एवढंच की वाटा दिसू लागला. ज्याला आपण स्वभाव म्हणतो, त्याचा मोठा भाग इथे मांडणीतून आलेला आहे.

आपला प्रोजेक्ट या चष्म्यातून पाहावा. चार मुलं, एक विषय, एकच अहवाल, आणि गाईडच्या हाती येते ती जुळवलेली एकसंध वस्तू. प्रोजेक्ट डायरी असते, पण ती बहुधा रिव्ह्यूच्या आदल्या रात्री एकाच पेनाने भरली जाते. अशा मांडणीत चौथा मुलगा ढिला पडला, तर नवल कसलं? एक हुशार मुलगी सगळं अंगावर घेते, तिला चांगली लीडर म्हणून शाबासकी मिळते, आणि उरलेल्यांना करण्यासारखं काही शिल्लकच राहत नाही.

यावरचं उत्तर मला परदेशी निबंधांच्या आधी आमच्याच जिल्ह्यात सापडलं. बागलाणात मोसम आणि आरम नद्यांवर, तसंच पलीकडे धुळ्यात पांझरेवर, काही शतकं जुनी फड पद्धत आहे. नदीवर बंधारा, त्यातून कालवा आणि कालव्याखालच्या जमिनीचे मोठे तुकडे, म्हणजे फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक. कोणी स्वतःहून पाट फोडून पाणी घ्यायचं नाही. सगळ्यांची शेतं पाटकरी भिजवतो. पिकाची राखण जागल्या करतो. या माणसांचा मोबदला शेतकरी धान्याच्या रूपाने देत. कालव्याचा गाळ काढायला लाभधारकांनी मिळून उतरायचं. पाणी कमी असलं की एखादा फड कोरडा ठेवायचा. बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडीथोडी असल्याने ती झळ सगळ्यांना सारखी बसते. इथे कुणाच्या सज्जनपणावर भिस्त ठेवलेली नाही. वाटा ठरलेला आहे, तो सर्वांना दिसतो, आणि पाहणारा माणूस नेमलेला आहे. एलिनॉर ऑस्ट्रम यांना सामायिक साधनांच्या ज्या अभ्यासासाठी २००९ चं नोबेल मिळालं, त्यातले नियम याच जातीचे आहेत: हद्द स्पष्ट, देखरेख आपल्यातल्याच माणसांची, आणि दंड पायरीपायरीने वाढणारा.

यावर आक्षेप येईल की फडातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या शेजारी असतात, मुलं आठ महिन्यांत पांगतात. आक्षेप खरा आहे, पण तो माझ्याच बाजूने जातो. जिथे जुनी ओळख नाही, तिथे वाटा लिहून ठेवण्याची गरज अधिक. ओझरला वाघाड कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था उभारल्या. त्यांना बापू उपाध्ये आणि भरत कावळे या कार्यकर्त्यांची साथ होती. या संस्थांनी पाणी मोजून घेण्याची रीत पाडली, तेव्हा त्यांच्यापाशी शतकांची परंपरा नव्हती. मोजमाप होतं.

मित्रांचे गट करू द्यावेत, हा सल्ला मला सर्वांत जास्त सलतो. मित्र मित्राला झाकतो, हा त्यातला लहान दोष. मोठा दोष असा, की वर्गात ज्यांची मैत्री जमलेली नाही ते उरतात आणि उरलेल्यांचा एक गट होतो. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षात आलेली मुलं त्यात असतात, निफाड-सिन्नरहून रोज एसटीने येणारी असतात. बैठक कॉलेज रोडवर संध्याकाळी सातला ठरते, तेव्हा गाडी गाठायला निघालेला मुलगा असहकारी ठरतो. उन्हाळ कांद्याची काढणी आणि सबमिशन साधारण एकाच सुमाराला येतात. शेतात असलेल्या मुलाचा फोन लागला नाही, की त्याच्या नावापुढे ‘इंटरेस्ट नाही’ असं लिहिलं जातं. त्याला कामचुकार म्हणण्याआधी कुणी त्याला विचारलेलं नसतं.

खरे कामचुकार उरतातच, हे मी नाकारत नाही. त्यांच्यासाठी पायऱ्या हव्यात: आधी गटाचं लेखी पत्र, मग गाईडसमोर बोलणं, तरीही बदल नसेल तर मधल्या आढाव्यालाच त्याला वेगळं काम आणि वेगळे गुण. मार्चमध्ये नाव काढण्याची धमकी पोकळ असते, आणि मुलांना ते ठाऊक असतं. व्हायवात प्रत्येकाला दुसऱ्याने केलेल्या भागावर प्रश्न विचारावा, म्हणजे एकट्याने सगळं ओढणाऱ्या मुलीलाही इतरांना शिकवणं भाग पडेल.

आणि हे सारं जुलैत ठरावं, पहिल्याच बैठकीत, चौघांच्या सह्यांनिशी. कोणता भाग कुणाचा, तो कोणत्या तारखेला कुणी पाहायचा, आणि त्याच कागदावर सर्वांत वर, गटातल्या प्रत्येकाची घरी जायची शेवटची गाडी किती वाजता सुटते.