रविवारची सुटी कुणी मागितली?

नवी मुंबईतले तळवली हे ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचे गाव. शेजारी एमआयडीसीचे कारखाने, पुढे संगणक कंपन्यांची कार्यालये. इथे कुणाची सुटी रविवारी, कुणाची मंगळवारी. पण आठवड्यातला एक दिवस आपला, हे सगळेच गृहीत धरतात. ही सुटी मागणारा माणूस इथून जवळच, ठाण्यात जन्मला होता. नारायण मेघाजी लोखंडे. जन्म १८४८ चा.

लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सहकारी. मुंबईच्या एका गिरणीत त्यांनी स्टोअरकीपरचे काम केले होते, त्यामुळे गिरणीतले हाल त्यांना ऐकून नव्हे, पाहून ठाऊक होते. १८८० पासून ‘दीनबंधु’ पत्र ते मुंबईतून चालवू लागले. त्या काळी गिरणीचे घड्याळ म्हणजे सूर्य. उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम; उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही मोठे. १८८१ च्या कारखाना कायद्याने मुलांना महिन्यात चार सुट्या दिल्या. मोठ्यांना एकही नाही.

सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंड्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि सरकारच्या फॅक्टरी कमिशनपुढे निवेदन ठेवले. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या काय? रविवारी सुटी. दुपारी अर्धा तास विसावा. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार, आणि कायमचा अधू झालेल्याला पोटापाण्याची सोय.

ही यादी मला फार शहाणी वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची व्याख्या करताना त्याचे मूळ कामाच्या ठिकाणच्या, न आवरलेल्या दीर्घ ताणात असल्याचे म्हटले. हल्ली त्यावर योगवर्ग, व्याख्याने होतात, होवोत बापडी. पण लोखंड्यांनी कामगाराला मन घट्ट करायला सांगितले नाही. त्यांनी कामाचे तास आणि पगाराची तारीख बदलायला सांगितली.

मालक सहा वर्षे हलले नाहीत. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत दहा हजार कामगारांची सभा भरली. दोन स्त्री कामगारही तिथे बोलल्या, हे आवर्जून सांगायला हवे. रविवार हा खंडोबाचा वार, असाही युक्तिवाद लोखंडे करीत, असे सांगतात. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालक संघाने साप्ताहिक सुटी मान्य केली. १८९१ च्या कायद्यात ती आली, दुपारची अर्ध्या तासाची सुटीही आली.

लोखंडे १८९७ च्या प्लेगात गेले. पुढचे त्यांना पाहावे लागले नाही. गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्य मावळला तरी काम थांबेना. १९०५ च्या सुमारास तेजीत दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा यायला १९११ उजाडावे लागले. आठवड्याला ४८ तास तर १९४६ मध्ये. आज घरी आल्यावरही वाजणारा साहेबांचा फोन मला त्या दिव्यांसारखाच वाटतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या कामाची रोजची मर्यादा ९ वरून १२ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. त्यासाठी कामगाराची लेखी संमती हवी, अशी अट आहे. १८८४ च्या कागदावर सह्या साडेपाच हजार होत्या; संमतीच्या कागदावर एकट्याची असेल.