नर्मदाकांठचा अकीक आणि त्याचा न लिहिलेला जमाखर्च

जुन्या कागदपत्रांच्या संग्राहकास घोटीव कागद बोटांच्या स्पर्शानेंच ओळखूं येतो. खळ दिलेला कागद वाळल्यावर गुळगुळीत दगडानें घांसून झळझळीत करीत, व ह्या कामीं अकिकाचा घोटा उत्तम मानला जाई. वैद्याचा खल, अंगठींतील मुद्रेचा खडा, जपमाळेचा मणि, सोन्याच्या वर्खास झळाळी देण्याचें हत्यार, इतक्या ठिकाणीं हाच दगड आढळतो. आमच्या चर्चेंत कागदाची जात, शाई व अक्षराचें वळण यांचा ऊहापोह पुष्कळ होतो. परंतु घोट्याचा दगड कोणत्या खाणींतून आला व तो काढण्यास कोणास काय पडलें, हा प्रश्न क्वचितच निघतो. प्रस्तुत टिपणाचा विषय तोच आहे.

अकिकाचें प्रसिद्ध आगर म्हणजे नर्मदेच्या दक्षिणेस, जुन्या राजपिपळा संस्थानांतील रतनपूर व त्याच्या भोंवतालचा टापू होय. तो आज गुजराथच्या भडोच जिल्ह्यांत मोडतो. दख्खनच्या काळ्या अग्निजन्य खडकांतील पोकळ्यांत गारेच्या जातीचें द्रव्य सांचून हा दगड तयार झाला. पुढें खडक झिजले, ओढ्यांनीं गोटे वाहून नेले आणि ते नव्या थरांत दडले. रतनपुराहून नदीच्या वरच्या अंगास, शूलपाणीच्या झाडींत, नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यांतील मणिबेली हें गांव आहे. ह्या नांवांतील 'मणि' शब्दावरून तेथें मण्यांची खाण होती असें अनुमान करण्यास आम्ही धजत नाहीं. नामसादृश्य हा पुरावा नव्हे. मणिबेलीचा ह्या विषयाशीं असलेला संबंध निराळा आहे व तो पुढें येईल.

ह्या व्यापाराची प्राचीनता निर्विवाद आहे. सिंधुसंस्कृतीच्या धर्तीचे लाल अकिकाचे मणि इराकांतील ऊर येथील राजथडग्यांत सांपडले. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' ह्या ग्रीक ग्रंथांत उज्जयिनीहून व आपल्या पैठणाहून अकीकवर्गांतील दगड भडोच बंदरास जात असल्याचें नमूद आहे. पैठणचा माल बिकट वाटेनें गाड्यांवर घालून नेत. सोळाव्या शतकाच्या आरंभीं पोर्तुगीज लेखक दुआर्ते बार्बोझा यानें रतनपुराजवळच्या लिमोदऱ्याचा उल्लेख केला. येणेंप्रमाणें व्यापाराची बाजू सुमारें दोन हजार वर्षें लेखनिविष्ट होत आली.

खाणीची बाजू तितकी लिहिली गेली नाहीं. कोपलंड नांवाच्या वैद्यानें केलेलें खाणींचें वर्णन मुंबईच्या लिटररी सोसायटीनें १८१९ त छापलें. अरण्यांत अरुंद उभे खड्डे खणून गोटे काढीत. खणणारे बहुधा भिल्ल असत. गोटे उन्हांत वाळवून, मातीच्या मडक्यांत घालून, गोवऱ्यांच्या मंद आंचेंत भाजीत. त्यांतील लोहांश तापला म्हणजे पिंगट दगड लाल होई. मग माल खंबायतेस जाई आणि तेथें घडल्यावर त्याचें मोल वाढे. अर्थात् किमतीची वाढ डोंगरापासून दूर होई. डोंगरावर उकरलेले खड्डे राहत. खंबायतेंतहि कारागिराच्या वांट्यास मोठें संकट आलें. दगड घांसतांना उडणारी गारेची धूळ फुप्फुसांत बसून सिलिकोसिस हा असाध्य रोग जडतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेस तो ह्या कारागिरांत आढळला आहे.

आतां मणिबेलीकडे वळूं. तेथील प्रश्न धरणाचा आहे, पण हिशेबाची रीत खाणीचीच. सरदार सरोवरास जागतिक बँकेनें १९८५ त ४५ कोटि डॉलर कर्ज मंजूर केलें. कालव्यांचें पाणी कच्छ-सौराष्ट्रापर्यंत पोंचलें, हा लाभ खरा आहे. परंतु महाराष्ट्राच्या ३३ बुडीत गांवांत मणिबेली अगदीं पहिलें होतें. मोर्स समितीनें १९९२ त पुनर्वसन व पर्यावरण ह्या दोन्ही बाबतींत योजना सदोष ठरविली आणि १९९३ त उरलेलें कर्ज रद्द झालें. त्याच वर्षींच्या पावसाळ्यांत मणिबेलीचीं घरें पाण्यांत गेलीं. पुरातन शूलपाणेश्वराचें देवालयहि जलाशयांत गेलें व देवाची स्थापना गोरा येथील नव्या देवळांत झाली. मोठ्या धरणांस बँकेनें पैसा देऊं नये अशी मागणी १९९४ त ४४ देशांतील ३२६ संघटनांनीं केली. त्या जाहीरनाम्यास नांव मणिबेलीचेंच आहे.

डोंगराच्या पोटांतील वस्तु असो वा नदीचें पाणी असो, त्याचा लाभ जेथें पोंचतो तेथें वह्या ठेवल्या जातात. हानि होते तेथें बहुधा नाहीं. म्हणून संशोधकांस आमची विनंति अशी कीं, जकातीच्या वहींत अकिकाची नोंद आढळल्यास केवळ रक्कम टिपून थांबूं नये. खणणाऱ्यांची मजुरी, भट्टीचें जळण, पडीत खड्डे व सोडून दिलेलीं गांवें यांचाहि मागोवा घ्यावा. त्याचप्रमाणें मणिबेलीच्या विस्थापितांपैकीं जाणतीं माणसें हयात आहेत तोंवर बुडालेल्या शेतांचीं, ओढ्यांचीं व देवस्थानांचीं नांवें त्यांच्या तोंडून लिहून घ्यावींत. हें काम आमच्या मतें एखादी दुर्मिळ पोथी मिळविण्याइतकेंच निकडीचें आहे.