शून्याची नोंद

कोलार म्हटले की कुणालाही आधी सोने आठवते. फार तर एखादा जाणकार सांगेल की शिवनसमुद्रच्या धबधब्यावरची वीज 1902 मध्ये तेथवर नेली होती. सीमाभागातल्या एका महाविद्यालयात मी बरीच वर्षे पदार्थविज्ञान शिकवले. न्यूट्रिनोचा धडा आला की पाउलींचे 1930 चे भाकीत आणि 1956 मध्ये राइनेस व कोवान यांनी अणुभट्टीपाशी मिळवलेला पुरावा, एवढे सांगून आमचे क्रमिक पुस्तक पुढे सरके. कोलारचा उल्लेख नसे. म्हणून हा लेखनप्रपंच.

विश्वकिरण वातावरणावर आदळतात तेव्हा म्यूऑन नावाचे कण जन्मतात. ते आपल्या अंगातून अखंड जात असतात. त्यांच्याबरोबर न्यूट्रिनोही जन्मतात, पण ते इतके अलिप्त की अख्खी पृथ्वी सहज ओलांडतात. क्वचित एखादा खडकात अडखळतो आणि त्यातून नवा म्यूऑन निघतो. तो ओळखायचा तर वरून कोसळणारी म्यूऑनांची झड आधी अडवली पाहिजे. त्यासाठी डोक्यावर मैल-दीड मैल खडक हवा.

होमी भाभांनी 1951 मध्ये बी. व्ही. श्रीकंठन या तरुणाला कोलारच्या खाणीत धाडले. टाटा मूलभूत संशोधन संस्था तेव्हा मुंबईत, गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. काम ऐकायला साधे : निरनिराळ्या खोलीवर उतरून म्यूऑन मोजायचे. दहाएक वर्षांनी जपानचे मियाके आणि आपले नरसिंहम व रमणमूर्ती यांनी उपकरणे 2,760 मीटर खोल नेली. तेथला खडकच तापलेला, आणि दाबाने खडक अचानक फुटण्याचा त्या खाणींना जुनाच शाप. दोन महिने मोजणी चालली. नोंद झाली शून्य. एकही म्यूऑन नाही.

दुसऱ्या कुणी प्रयोग फसला म्हणून गाशा गुंडाळला असता. या मंडळींनी मात्र हिशेब उलटा मांडला. एवढ्या निःशब्द जागी जर एखादा कण आडवा आला, तर तो वरून आलेला नसणार; न्यूट्रिनोचीच ती खूण! माझ्या मते कोलारचे खरे यश या शून्यात आहे.

मग 2,300 मीटरवर उपकरण उभे राहिले. मुंबईच्या संस्थेबरोबर जपानचे ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडचे डरॅम विद्यापीठ होते. वरच्या म्यूऑनांपेक्षा आडवे कण टिपायचे, म्हणून सिंटिलेटरच्या भिंती उभ्या रचल्या. कण त्यांतून गेला की क्षीण चमक उठे, मधल्या निऑनच्या नळ्या उजळत आणि कॅमेरा त्याची वाट टिपून घेई. 1965 मध्ये असे कण सापडले. वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंची ही चाहूल होती. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत राइनेस यांचा गटही हेच शोधत होता. त्यांची पहिली नोंद फेब्रुवारीतली. कोलारचा निबंध मात्र आधी छापून आला, अंकावर तारीख 15 ऑगस्ट. पहिले कोण, यावर वाद घालणाऱ्यांनी खुशाल घालावा.

पुढे 1980 मध्ये त्याच खोलीवर 140 टनांचे लोखंडी उपकरण प्रोटॉनचा क्षय शोधू लागले. काही घटना तशा वाटल्या आणि त्या जाहीरही झाल्या. अमेरिका आणि जपानमधल्या मोठ्या जलटाक्यांना मात्र तसे काही दिसले नाही. प्रोटॉन अजून ठणठणीत आहे.

जपानच्या त्या कामाला पुढे निराळेच फळ आले. तेथल्या सुपर-कामिओकांडेने 1998 मध्ये वातावरणातलेच न्यूट्रिनो मोजून ते वाटेत रूप बदलतात हे दाखवले. म्हणजे त्यांना वस्तुमान आहे. काजिता यांना 2015 मध्ये नोबेल मिळाले. ज्या कणांची पहिली चाहूल कोलारने घेतली, त्यांचेच हे गुपित. पण तोवर कोलारची प्रयोगशाळा उरली नव्हती. खालचे थर बंद होत गेले तसा नव्वदीच्या आरंभीच तिने मुक्काम हलवला होता.

तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या डोंगराखाली 50,000 टनांचे उपकरण उभारायला केंद्राने 2015 मध्ये मंजुरी दिली. स्थानिक विरोधाने ते अडले. मदुराईत त्याचे 85 टनांचे छोटे रूप तेवढे तयार झाले. कोलारची खाण 2001 मध्ये बंद झाली, पंप थांबले आणि खोल बोगद्यांत पाणी भरत गेले.