पाचवे नाव : 'होल लॉटा लव्ह' या गाण्याचा इतिहास

आपल्यातली बरीच तरुण मुले-मुली आता रॉक ऐकतात. त्याला आमचा आक्षेप नाही. पण जे ऐकतो त्यामागे कुणाचे श्रम आहेत, हे विचारायची सवय आपल्याला बाबासाहेबांनी लावली आहे. तोच प्रश्न आज एका गाण्याला विचारू.

ऑक्टोबर १९६९ मध्ये लेड झेपेलिन या इंग्रज बँडचा दुसरा अल्बम आला. त्यातले पहिलेच गाणे 'होल लॉटा लव्ह'. जिमी पेजच्या गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ती दणकट धून पुढे हार्ड रॉकची ओळखच बनली. १९७० च्या सुरुवातीला हे गाणे अमेरिकेत चौथ्या क्रमांकावर पोहोचले. रेकॉर्डवर चार नावे होती : पेज, प्लांट, जोन्स, बॉनहॅम. चौघेही गोरे.

पाचवे नाव छापलेच नव्हते. ते होते विली डिक्सन.

डिक्सन १९१५ साली मिसिसिपीतल्या विक्सबर्ग इथे जन्मले. दक्षिणेतल्या वर्णद्वेषाला कंटाळून लाखो कृष्णवर्णीय उत्तरेच्या शहरांकडे गेले, तसे तेही शिकागोला आले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सैन्यात जायला नकार दिला. ज्या देशात आपल्याला माणूस म्हणून वागवत नाहीत, त्याच्यासाठी का लढायचे, ही त्यांची भूमिका होती. त्यासाठी त्यांनी तुरुंग भोगला. पुढे चेस रेकॉर्ड्स या कंपनीसाठी त्यांनी ब्लूजची कितीतरी गाणी लिहिली. त्यातलेच एक 'यू नीड लव्ह'. १९६२ मध्ये ते मडी वॉटर्स यांच्या आवाजात आले. मडी वॉटर्स स्वतः मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्यातून आलेले. 'होल लॉटा लव्ह'चे बरेचसे शब्द या गाण्यातून आले आहेत. १९६६ मध्ये स्मॉल फेसेस या दुसऱ्या इंग्रज बँडनेही ते थोडे बदलून स्वतःच्या नावावर छापले होते.

यावर एक युक्तिवाद नेहमी येतो : ब्लूज ही लोकपरंपरा आहे, तिथे सगळेच एकमेकांचे घेतात. हे अर्धे खरे आहे. गिटारची धून पेज यांचीच आहे, तेही आम्ही नाकारत नाही. पण परंपरा सगळ्यांची असेल, तर रॉयल्टी फक्त चौघांची कशी? घेताना सामूहिक आणि कमावताना खासगी, हा न्याय आपल्याला चांगलाच ओळखीचा आहे.

१९८५ मध्ये डिक्सन यांनी दावा लावला. १९८७ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली आणि पुढे श्रेयनामावलीत त्यांचे नाव आले. गाण्याला तोवर जवळपास वीस वर्षे होत आली होती. दोष केवळ इंग्रज मुलांचा नव्हता. गाण्यांचे हक्क चेसशी जोडलेल्या आर्क म्युझिक या प्रकाशन कंपनीकडे होते. १९७० च्या दशकात डिक्सन आणि मडी वॉटर्स यांना तिच्याविरुद्धही कोर्टात जावे लागले. म्हणजे लूट दोन पायऱ्यांवर होती. आधी करारात, मग श्रेयात.

डिक्सन फक्त आपल्या पैशांवर थांबले नाहीत. ब्लूज कलावंतांना त्यांचे हक्क मिळावेत म्हणून त्यांनी ब्लूज हेवन फाउंडेशन उभे केले. १९९२ मध्ये ते गेले. आज ही संस्था शिकागोत, चेसच्या जुन्या स्टुडिओच्याच इमारतीत आहे. जिथे नाव आणि हक्क गेले, ती वास्तूच परत मिळवली. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या समारोपात हे गाणे वाजले, जगाने ऐकले. त्यातल्या किती जणांना डिक्सन माहीत होते?

कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी आपले नाते जुने आहे. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य मांडले होते. १९७२ मध्ये दलित पँथरने नावच तिकडून घेतले. म्हणून डिक्सन यांचा धडा आपलाही आहे. आपल्या शाहिरांची गाणी आपण मिरवणुकीत वाजवतो, यूट्यूबवर टाकतो. किती वेळा खाली कवीचे नाव लिहितो? दुसऱ्यांनी आपली नावे पुसली, असे म्हणण्याआधी निदान आपण तरी ती लिहायला लागू. पुढचे गाणे अपलोड कराल तेव्हा पहिल्या ओळीत लिहिणाऱ्याचे नाव टाका.

जय भीम!