एरंडेलापासून सिंथेटिकपर्यंत : इंजिनातील तेलाचा इतिहास

१/१५
आजच्या धाग्याचे निमित्त घरगुती आहे. भिवंडीच्या माझ्या मामेभावाने अनेक वर्षांच्या बचतीतून एक जुनी, टर्बो इंजिनाची स्पोर्ट्‌स कार घेतली. तिच्या पुस्तिकेत ५डब्ल्यू-४० श्रेणीचे सिंथेटिक तेल सांगितले आहे. ओळखीचे मिस्त्री म्हणाले, "आपल्याकडच्या उन्हाला २०डब्ल्यू-५०चे जाड तेलच हवे." शेजारचे काका म्हणाले, "सिंथेटिक म्हणजे कृत्रिम. खरे तेल जमिनीतून निघते तेच." तेल चुकून इंजिन जाम झाले, तर बचत गेली आणि गाडीही गेली.

२/१५
ही तिन्ही मते ऐकताना जाणवले की हा वाद आजचा नाही. यंत्राला कोणते तेल घालावे, हा प्रश्न यंत्रयुगाइतकाच जुना आहे. त्याची उत्तरे काळानुसार बदलत गेली आणि त्या बदलांत आपल्या भागातील एका साध्या झुडपाचा वाटा फार मोठा आहे. ते झुडूप म्हणजे एरंड.

३/१५
प्रथम वंगणाचे कार्य पाहू. बैलगाडीच्या आसाला वंगण घालणाऱ्या शेतकऱ्याला जे ठाऊक होते, तेच तत्त्व इंजिनातही लागू पडते. घासणाऱ्या दोन पृष्ठभागांमध्ये तेलाचा पातळ थर टिकला पाहिजे. थर तुटला की धातू धातूला भिडतो, उष्णता वाढते आणि झीज सुरू होते. म्हणून तेलाची खरी परीक्षा एकच : उष्णता, दाब आणि वेग यांखाली हा थर किती काळ टिकतो?

४/१५
१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली आणि १८५४ मध्ये ती भिवंडीच्या शेजारच्या कल्याणपर्यंत पोहोचली. भारतीय रेल्वेवर एकोणिसाव्या शतकात वंगणासाठी आणि दिव्यांसाठी एरंडेलाचा मोठा वापर होत असे. आजीच्या फडताळातील, पोट साफ करणारे औषध म्हणून मुलांच्या नशिबी येणारे तेच एरंडेल! ते दाट असते, धातूला घट्ट चिकटते आणि इथे सहज उपलब्ध होते.

५/१५
त्याच सुमारास कापड गिरण्या आल्या. कावसजी दावर यांची ताडदेवची गिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि १८५६ मध्ये सुरू झाली. गिरणीच्या वेगवान चात्यांना मात्र दाट तेल चालत नाही, तिथे पातळ तेल लागते. पाश्चात्त्य गिरण्यांत यासाठी स्पर्म व्हेल या देवमाशाचे तेल नावाजलेले होते. १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात एडविन ड्रेक यांच्या विहिरीला तेल लागले आणि पुढे स्वस्त खनिज तेलाने हे चित्र पालटले. रेल्वेचे तेल वेगळे, चातीचे वेगळे. यंत्र बदलले की तेल बदलते, हा पहिला धडा.

६/१५
हा धडा भिवंडीला वेगळा शिकवण्याची गरज नाही. उत्तरेकडून आलेल्या विणकरांच्या हातमागांचे हे गाव १९३०च्या दशकापासून यंत्रमागांकडे वळले. मामांच्या कारखान्यात एका वर्षी कोणीतरी स्वस्तातले काळपट तेल आणून दिले. मागाची बेअरिंगे तापू लागली, तेलाचे शिंतोडे कोऱ्या कापडावर उडाले आणि व्यापाऱ्याने ताग्यामागे भाव कापला. तेलात वाचलेल्या पैशांपेक्षा कितीतरी अधिक रक्कम डागांत गेली. ही गोष्ट मामा आजही सांगतात.

७/१५
आता मोटारींकडे वळू. चार्ल्स वेकफील्ड यांनी १८९९ मध्ये लंडनमध्ये वंगणाचा व्यवसाय सुरू केला. त्यांचे ग्राहक मुख्यतः रेल्वे आणि अवजड यंत्रे. पुढे मोटारी आणि विमाने आली, त्यांची इंजिने अधिक वेगाने फिरू लागली. वेकफील्ड यांच्या कंपनीने खनिज तेलात एरंडेल मिसळून नवे वंगण तयार केले. एरंडेलाच्या 'कॅस्टर' या इंग्रजी नावावरून १९०९ मध्ये त्याचे नाव ठेवले गेले : कॅस्ट्रॉल. आज पेट्रोलपंपावर दिसणाऱ्या त्या नावात एरंड दडलेला आहे!

८/१५
पहिल्या महायुद्धात एरंडेल थेट आकाशात गेले. सॉपविथ कॅमलसारख्या लढाऊ विमानांच्या रोटरी इंजिनात संपूर्ण इंजिनच फिरत असे, आणि त्यातील तेल इंधनमिश्रणाच्या सतत संपर्कात येई. खनिज तेल पेट्रोलमध्ये विरघळून पातळ होते, एरंडेल सहजी विरघळत नाही. म्हणून तेच वापरावे लागे. १९१७ मध्ये कॅमल उडवणारे भारतीय वैमानिक हरदित सिंग मलिक अशाच इंजिनामागे बसून लढले. इंजिनाबाहेर फेकल्या जाणाऱ्या एरंडेलाच्या वाफा नाकातोंडात जाऊन वैमानिकांची पोटे बिघडत, ही त्या काळची कुप्रसिद्ध व्यथा!

९/१५
मग एरंडेलच का टिकले नाही? त्याचा गुण आणि दोष एकाच ठिकाणी आहेत. त्यात रिसिनोलेइक आम्ल सुमारे ८५ ते ९० टक्के असते. या रेणूंच्या परस्पर आकर्षणामुळे तेल दाट राहते. पण फार तापल्यावर हवेशी संयोग होऊन ते चिकट होते आणि इंजिनात राळेसारखा थर साचतो. शर्यतीनंतर इंजिन उघडून साफ करणाऱ्यांना ते परवडे, रोज गाडी चालवणाऱ्यांना नाही. 'नैसर्गिक' असणे पुरेसे नव्हते, हा दुसरा धडा.

१०/१५
खनिज तेलाचीही मर्यादा होती. त्यात लहानमोठ्या, नाना आकारांच्या रेणूंची सरमिसळ असते. कडाक्याच्या थंडीत त्यातील मेण गोठते, तर अतिउष्णतेत हलके रेणू उडून जातात. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी हवे तसे रेणू घडवण्याचा मार्ग धरला. १९२९च्या सुमारास अमेरिकेत एफ. डब्ल्यू. सलिव्हन यांनी ओलेफिनांपासून कृत्रिम तेले बनवली. खनिज तेलाची टंचाई असलेल्या जर्मनीत हरमन झॉर्न यांनी एस्टरवर्गीय वंगणांवर विस्तृत संशोधन केले.

११/१५
दुसऱ्या महायुद्धानंतर जेट इंजिने आली. उंचावरची गोठवणारी थंडी आणि टर्बाइनचा दाह, दोन्ही सोसणारे तेल हवे होते. उत्तर ठरले एस्टर. आणि सुरुवातीच्या जेट तेलांतील महत्त्वाचे एस्टर ज्यापासून बनत, ते सेबॅसिक आम्ल कशापासून तयार होते? एरंडेलापासून! म्हणजे ज्या तेलाला इंजिनातून निरोप मिळाला होता, तेच प्रयोगशाळेतून नवे रूप घेऊन परतले. 'सिंथेटिक म्हणजे नकली' म्हणणाऱ्या काकांना हे उत्तर पुरेसे असावे.

१२/१५
विमानातील हे ज्ञान पुढे मोटारीत उतरले. १९७१ मध्ये फ्रान्सच्या मोतुल कंपनीने एस्टरवर आधारित '३००व्ही' हे तेल आणले, तर १९७४ मध्ये 'मोबिल १' बाजारात आले. शर्यतीच्या मोटारी आणि टर्बो इंजिने यांना ही तेले मानवली, कारण टर्बोचे दांडे मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतात आणि तिथे साधे तेल करपून काजळी धरते.

१३/१५
पण डब्यावरच्या शब्दाचाही एक इतिहास आहे. खनिज तेलावरच हायड्रोजनची तीव्र प्रक्रिया करून अत्यंत शुद्ध तेल मिळवता येते. त्याला 'सिंथेटिक' म्हणावे का, यावर मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यात अमेरिकेत वाद झाला. १९९९ मध्ये तेथील जाहिरात-परीक्षण मंडळाने कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला. तेव्हापासून हा शब्द एकाच प्रकारच्या तेलापुरता उरला नाही. अशी तेलेही उत्तम असू शकतात. पण केवळ मोठ्या अक्षरांवर न जाता, गाडीच्या निर्मात्याने सांगितलेले मानक डब्याच्या मागे छापले आहे का, हे पाहणे अधिक महत्त्वाचे.

१४/१५
आता मिस्त्रींचा मुद्दा. 'डब्ल्यू' म्हणजे हिवाळा. त्याआधीचा आकडा थंड तेल किती सहज वाहते ते सांगतो, नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला ते किती दाट राहते ते. बाहेर ऊन असले तरी चालू इंजिनातील तेल सुमारे १०० अंशांच्या आसपासच असते, म्हणून भिवंडीच्या उन्हाने हिशेब फारसा बदलत नाही. उलट इंजिन सुरू होताना जाड तेल अरुंद वाटांतून टर्बोपर्यंत उशिरा पोहोचते, आणि ते काही क्षण झिजेचे असतात. जुन्या, सैल इंजिनांच्या काळात मिस्त्रींचा सल्ला योग्य होता. यंत्र बदलले, तेल बदलले.

१५/१५
शेवटी भावाने पुस्तिकेतील श्रेणीचे आणि मानकाचे तेल मागवले. माणकोली-पूर्णा परिसरातील गोदामांच्या गावी ते दुसऱ्याच दिवशी आले. मामांनी डबा उलटून मागची बारीक अक्षरे वाचली आणि एवढेच म्हणाले, "मागाचं तेल गाडीला नाही, गाडीचं मागाला नाही. आणि बदलायची तारीख भिंतीवर लिहून ठेव." दीडशे वर्षांच्या इतिहासाचा सारांश याहून वेगळा नाही.

आपल्या घरातील ज्येष्ठांपैकी कोणी गिरणीत, रेल्वेत किंवा मागावर काम केले असेल, तर तेव्हा कोणते तेल वापरत हे त्यांना जरूर विचारा आणि इथे लिहा. 🙏