सहायक मास्तर डिक लेबो

अमेरिकन फुटबॉल हा खेळ आपल्याला तसा परकाच. चेंडू लंबगोल, खेळायचा बहुतेक हातांनी, आणि तरी नाव फुटबॉल! पिट्सबर्गच्या भाच्याने समजावून सांगितल्यावर थोडा कळू लागला. पण मला खेळापेक्षा मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांचे कुतूहल. मुख्य प्रशिक्षक एक आणि हाताखाली सहायक डझनाच्या वर. या सहायकांचे पुढे काय होते, हे शोधताना डिक लेबो हे नाव सापडले.

जन्म १९३७, ओहायो राज्यातल्या लंडन गावी. (हो, तिकडेही एक लंडन आहे.) १९५९ साली क्लीव्हलँड ब्राऊन्सने निवडले आणि हंगामाआधीच नारळ दिला. मग डेट्रॉईट लायन्सकडे १४ हंगाम. प्रतिस्पर्ध्याने फेकलेला चेंडू मध्येच झेलण्याचा पराक्रम त्यांनी ६२ वेळा केला, आणि सलग १७१ सामने एकही न चुकवता खेळले.

१९७३ पासून सहायकगिरी सुरू. या नोकरीची एक शिडी असते. आधी एखाद्या गटाचा प्रशिक्षक, मग संपूर्ण बचावाचा किंवा चढाईचा प्रमुख आणि नशीब असेल तर मुख्य प्रशिक्षक. मुख्य माणूस गेला की बहुधा हाताखालच्यांनीही बिऱ्हाड हलवायचे. लेबोही फिलाडेल्फिया, ग्रीन बे करत १९८० मध्ये सिनसिनाटीला आले आणि १९८४ मध्ये तिथे बचावप्रमुख झाले.

त्यांचे खरे काम इथले. क्वार्टरबॅकवर जादा माणसे सोडून हल्ला केला की मागे जागा मोकळी पडते, आणि झटपट छोटे पास देणारे संघ तिचा फायदा घेत. धोका न पत्करता दबाव कसा आणायचा? लुइझियानातल्या विद्यापीठ संघाचे प्रशिक्षक बिल आर्न्स्पार्गर यांना भेटून लेबोंनी हाच प्रश्न विचारला. त्यातून 'झोन ब्लिट्झ' पक्का झाला. अनपेक्षित बाजूने एखाददुसरा खेळाडू धावून जातो आणि पुढच्या फळीतला धिप्पाड गडी उलट मागे येऊन मोकळी जागा राखतो. समोरच्याला कळतच नाही, कोण येणार आणि कोण थांबणार!

गंमत म्हणजे, त्या छोट्या पासांचे शास्त्र बिल वॉल्श यांनी सिनसिनाटीतच सहायक असताना मांडले होते. १९७६ मध्ये मुख्यपद त्यांना नाकारले गेले. ते सॅन फ्रान्सिस्कोला गेले आणि जानेवारी १९८२ व जानेवारी १९८९ अशा दोन्ही अंतिम सामन्यांत त्यांनी सिनसिनाटीलाच हरवले. दुसऱ्या वेळी तर ३४ सेकंद उरले असताना. तेव्हा बचावप्रमुख होते लेबो. सहायकाला कमी लेखण्याची किंमत अशीही मोजावी लागते.

१९९२ मध्ये लेबो पिट्सबर्गला गेले, ते एक पायरी खाली उतरून. तीन वर्षांनी पुन्हा प्रमुख झाले. १९९७ मध्ये परत सिनसिनाटी, आणि २००० च्या हंगामात तीन सामन्यांनंतर मुख्य प्रशिक्षकाने राजीनामा दिल्यावर ती खुर्ची अखेर मिळाली. १२ विजय, ३३ पराभव. २००२ संपताना हकालपट्टी, वय ६५.

आमच्या शिक्षणखात्यात मुख्याध्यापकपद गेलेला माणूस पुन्हा वर्गावर जायला तयार होत नाही. मान आड येतो. लेबो मात्र २००३ मध्ये बफेलोला सहायक म्हणून रुजू झाले आणि २००४ मध्ये पुन्हा पिट्सबर्गला बचावप्रमुख. फेब्रुवारी २००६ आणि फेब्रुवारी २००९ मध्ये पिट्सबर्गने सुपर बोल जिंकला. पहिला तर डेट्रॉईटमध्येच, त्यांच्या जुन्या गावी! दुसऱ्यात जेम्स हॅरिसनने चेंडू मध्येच पकडून १०० यार्ड पळत नेला. खेळाडू सोडून ३८ वर्षे झाल्यावर, २०१० मध्ये, त्यांना कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले, पण खेळाडू म्हणून. प्रशिक्षकाच्या कामाचा तिथे हिशेब नव्हता. हिशेब ठेवला तो शिष्यांनी. अख्खा पिट्सबर्ग संघ सोहळ्याला हजर होता.

पुढे टेनेसीत २०१७ पर्यंत, म्हणजे ऐंशीव्या वर्षापर्यंत, त्यांनी काम केले. खेळाडू आणि प्रशिक्षक मिळून सलग ५९ हंगाम. आणि हे मास्तर दर नाताळाला संघासमोर उभे राहून सेंट निकोलसची जुनी इंग्रजी कविता कागद न बघता म्हणून दाखवत. ती अवाढव्य पोरे मांडी ठोकून ऐकत, म्हणे.